कंपनी बुडताना सरकारने हात द्यावा का?

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी आईशी मराठीत भांडता येतं, पण लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घाचा घाम फुटतो. तेव्हा चुका पोटात घाला!

तर विषय निघाला मेसमध्ये. माझ्या रूममेटचे बाबा एका विमान कंपनीत मेन्टेनन्सला होते. कंपनी बंद पडली, काही महिन्यांचे पगार बुडाले आणि हिच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी आईच्या बांगड्या गहाण पडल्या. ती म्हणाली, "तेव्हा सरकारने थोडी मदत केली असती तर काय बिघडलं असतं?" समोरची यवतमाळची मैत्रीण ताडकन म्हणाली, "आमचा कापूस गेला की बँक दारात येते. विमानवाल्यांना मात्र सरकारने पैसे द्यायचे? का म्हणून?" आमटी गार झाली आणि दोघी बोलेनाशा झाल्या. मला तर दोघींचंही पटत होतं! म्हणून लायब्ररीत बसून जे वाचलं ते इथे मांडते.

पहिला प्रश्न : विमान कंपनी इतक्या पटकन का बुडते? कारण विमान उडो वा न उडो, खर्च चालूच. विमानं बहुतेक भाड्याची असतात, त्याचं भाडं डॉलरमध्ये. पगार, पार्किंग, देखभाल, कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. वर रिकामी गेलेली सीट उद्या विकता येत नाही, आपल्या मेसच्या काल उरलेल्या पोळ्यांसारखीच (त्या निदान फोडणीच्या पोळीत जातात!). आणखी एक गोम आहे. तिकिटाचे पैसे कंपनीला आधी मिळतात आणि प्रवास नंतर होतो. संकट आलं की नवीन बुकिंग थांबतं आणि जुने लोक रिफंड मागतात. म्हणजे नळ बंद आणि टाकीला भोक.

आता मदत. ती चार तऱ्हेची असते : रोख अनुदान, कर्ज, कर्जाची हमी आणि भागभांडवल, म्हणजे सरकारने शेअर्स घेणे. शब्द रूक्ष आहेत, पण सगळी गंमत यातच आहे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेतली सगळी विमानं जमिनीवर आली. अकराच दिवसांत, २२ सप्टेंबरला, कायद्यावर सही झाली : ५ अब्ज डॉलर रोख आणि १० अब्ज डॉलरपर्यंत कर्जाची हमी. रोख लगेच वाटली. हमीसाठी मात्र एक मंडळ नेमलं आणि ते चांगलंच कडक निघालं. कंपनी कर्ज फेडू शकेल असं पटलं तरच हमी, वर फी, शिवाय पुढे शेअर्स घेण्याचा हक्क सरकारकडे. दहा अब्जांपैकी दोन अब्जही वापरले गेले नाहीत. युनायटेडसारख्या बड्या कंपनीने हमी मागितली, तिला डिसेंबर २००२ मध्ये नकार मिळाला आणि काही दिवसांतच तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पण कंपनी संपली नाही हं! कोर्टाच्या देखरेखीखाली खर्च कापत २००६ मध्ये ती बाहेर आली, आजही उडते. म्हणजे दिवाळखोरी म्हणजे दर वेळी मरण नव्हे.

दुसरी गोष्ट २०२० च्या करोनाची. मार्च २०२० मध्ये अमेरिकेने प्रवासी विमान कंपन्यांना २५ अब्ज डॉलर दिले, पण ते फक्त पगारासाठी. अटी अशा : ३० सप्टेंबरपर्यंत कुणाला सक्तीने घरी बसवायचं नाही, लाभांश वाटायचा नाही, स्वतःचे शेअर्स विकत घ्यायचे नाहीत, वरिष्ठांच्या पगाराला मर्यादा. शेअर्सची अट का? कारण आधीच्या चांगल्या वर्षांत बड्या कंपन्यांनी भरपूर पैसा स्वतःचेच शेअर्स परत घेण्यात घालवला होता. आणि मुदत संपताच काय झालं? १ ऑक्टोबरला अमेरिकन आणि युनायटेड या दोन कंपन्यांनी मिळून ३२ हजारांवर माणसं घरी बसवली. डिसेंबरमध्ये पुन्हा पैसे आले तेव्हा त्यांना परत बोलावलं.

जर्मनीने वेगळी वाट धरली. लुफ्तान्सासाठी ९ अब्ज युरोंची योजना केली आणि सुमारे ३० कोटी युरोंत २० टक्के शेअर्स घेतले. सप्टेंबर २०२२ पर्यंत ते सगळे विकून टाकले, तेही नफ्यात! उलट इटलीने अलिटालियाला वर्षानुवर्षे सलाईन लावलं. ती ऑक्टोबर २०२१ मध्ये बंदच पडली.

आपल्याकडे? सरकारी एअर इंडियाला २०१२ मध्ये सुमारे ३० हजार कोटींची योजना मिळाली, तरी शेवटी जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडे गेली. करोनात खासगी कंपन्यांना पगारासाठी रोख मदत झाली नाही. मे २०२० मध्ये विमानं सुरू झाली तेव्हा भाड्याला वरची-खालची मर्यादा घातली, ती ऑगस्ट २०२२ पर्यंत राहिली. मदत आली ती बँकेच्या कर्जाला सरकारी हमी अशा रूपात.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. आपण मशीन डिझाइन करताना फॅक्टर ऑफ सेफ्टी आधी धरतो, शाफ्ट मोडल्यावर नाही. युरोपात नव्या विमान कंपनीला लायसन्स देताना विचारतात, पहिले तीन महिने एक पैसाही आला नाही तर खर्च भागवाल का? हा प्रश्न चांगल्या दिवसांतही दरवर्षी विचारला पाहिजे. तरीही संकट आलंच तर मदत करावी, पण ती कामगार टिकवायला, मालकाची चूक झाकायला नाही. आणि जनतेचा पैसा असेल तर नफ्यातही जनतेचा वाटा हवा.

लेख दोघींना वाचून दाखवला. यवतमाळकरीण म्हणाली, "पगार टिकवायला दिले तर माझी ना नाही. पण मग आमच्या पेरणीलाही तोच नियम लाव." रूममेट म्हणाली, "लाव ना, मी कुठे नाही म्हणते!"

त्या रात्री मेसमध्ये तिघी पुन्हा एका टेबलावर बसलो. आमटी मात्र नेहमीसारखीच पातळ होती.