शाळेतील स्वयंसेवक आणि चारित्र्य पडताळणी : कायद्याची मर्यादा कोठवर?

मस्तगड असो वा जालना शहराचा अन्य कोणताही भाग, शाळेचा गाडा केवळ वेतनधारी शिक्षकांवर चालत नाही. स्नेहसंमेलनाची नृत्ये बसविणारा तरुण, सहलीला सोबत जाणारे पालक, वाचनवर्ग घेणारे निवृत्त गुरुजी, धर्मग्रामात रविवारी धर्मशिक्षण देणाऱ्या भगिनी हे सारे विनामोबदला सेवा देतात. अशा सेवाभावी व्यक्तींची पूर्वचौकशी करावी काय आणि करावयाची तर किती, हा प्रश्न आज प्रत्येक संस्थेपुढे आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत दोन बालिकांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता. त्यानंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढून शाळेतील नियमित व कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीवर भर दिला.

त्यापूर्वीच, २०२० च्या पॉक्सो नियमांतील नियम ३ ने शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी आदी संस्थांवर हे बंधन घातले होते. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी, पोलीस पडताळणी ठरावीक कालावधीने झाली पाहिजे. तथापि या नियमाची भाषा ‘कर्मचारी’ या शब्दाभोवती फिरते. मोबदला न घेणाऱ्या स्वयंसेवकाचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणून संस्थेने स्वतः ठराव करून हा नियम सर्व स्वयंसेवकांना सारखाच लावणे इष्ट होय.

हे करताना काही मर्यादा ध्यानी घ्याव्यात.

पहिली मर्यादा संमतीची. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. स्वयंसेवकास प्रमाणपत्राची अट घालता येते. त्याच्या नकळत खासगी आयुष्य खोदून काढणे मात्र योग्य नव्हे. प्रमाणपत्रासाठी संबंधित व्यक्ती स्वतः पोलिसांकडे अर्ज करू शकते.

दुसरी मर्यादा माहितीची. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदसूची सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, परंतु ती केवळ तपास यंत्रणांसाठी खुली आहे. शाळेला ती पाहता येत नाही.

तिसरी मर्यादा बालवयातील चुकांची. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार, निकाली निघालेल्या प्रकरणातील बालकाची नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करण्यास पोलिसांना मनाई आहे. सुधारलेल्या तरुणाला पुन्हा उभे राहता यावे, हा त्यामागील हेतू.

शिवाय जात, वस्ती वा ऐकीव गोष्टी म्हणजे पडताळणी नव्हे. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्याने लादलेला कलंक मराठवाड्यातील पारध्यांसारख्या समाजांना आजही सोसावा लागतो. आपल्या शाळेच्या दारात तो पुन्हा उभा राहू नये.

सर्वांत महत्त्वाचे असे की, प्रमाणपत्र फक्त पोलिसांकडे नोंद असलेलेच सांगते. ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही, त्याचा कागद कोराच येणार. यास्तव कागदाइतकीच दक्षता गरजेची आहे. कोणताही स्वयंसेवक मुलासोबत बंद खोलीत एकटा असू नये. सहलीत किमान दोन प्रौढ व्यक्ती सोबत असाव्यात. मुलांना निर्भयपणे बोलता येईल अशी व्यक्ती शाळेत असावी.

आणि संशय आल्यास प्रकरण आपसांत मिटवू नये. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालील व्यक्तीचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम २१ अन्वये एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. १०९८ या क्रमांकावरही मदत मिळते. संस्थेच्या नावापेक्षा बालकाची सुरक्षितता मोठी, हे मुख्याध्यापक, धर्मगुरू व पालक या सर्वांनी मनाशी पक्के करावे.