राग कोणाचा, निघतो कोणावर

भात-नागलीची कापणी आटोपली की हरसूल परिसरातील अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी बाहेर पडतात. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात पहाटे उभ्या राहिलेल्या माणसास आज काम मिळेल की नाही, हे ठाऊक नसते. सायंकाळी मुलाच्या हातून पाणी सांडते आणि त्याच्यावर हात उगारला जातो. लोक म्हणतात, माणूसच तापट! हे निदान आळशीपणाचे आहे. मूल हे निमित्त. कारण दिवसभराची अनिश्चितता, अपुरी झोप, अंगावरची उचल. साहेबाचा अपमान गिळून घरी येणाऱ्या कारकुनाचेही याहून निराळे नसते.

अशा वेळी क्षणभर बाजूला होणे, श्वास संथ करणे उपयोगी पडते. त्याहून उपयोगी म्हणजे ‘मला भीती वाटते’ असे बोलून दाखविणे. पुरुषांना राग कबूल करता येतो, भीती नाही. दारू ती रात्रीपुरती झाकते, इतकेच. घरी बोलता येत नसेल तर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.

मात्र संथ श्वासाने मजुरी मिळत नाही. महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला, त्याची चर्चा रस्ते, पाझर तलाव आणि खर्च यांपुरतीच राहिली. उद्याच्या कामाची खात्री असलेला बाप घरी कसा वागतो, हा हिशेब कोणी मांडला नाही.