मद्यपी वाहनचालक आणि पकडले जाण्याची निश्चिती

मद्यप्राशन करून वाहन चालविणाऱ्यास आपण गुन्हेगार आहोत असे सहसा वाटत नाही. पूर्वी अनेकदा तसे करूनही तो सुखरूप घरी पोहोचलेला असतो. म्हणून शिक्षा किती कडक आहे यापेक्षा पकडले जाण्याचा संभव त्याला कितपत वाटतो, यावरच कायद्याचे यश अवलंबून राहते.

ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा घातली व संशयित चालकाची श्वासपरीक्षा सुरू केली. वाटेल त्या चालकास तपासण्याची मूळ कल्पना मात्र विरोधामुळे सोडून द्यावी लागली होती. प्रारंभी रात्रीचे अपघात झपाट्याने घटले. काही वर्षांतच ते पुन्हा वाढू लागले. लॉरेन्स रॉस या समाजशास्त्रज्ञाने याची मार्मिक मीमांसा केली आहे. कायद्याचा गाजावाजा इतका झाला की लोकांनी धोका वास्तवाहून मोठा मानला, आणि अनुभवाने तो भ्रम ओसरला.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १७ डिसेंबर १९८२ पासून संशयाची अटच काढून टाकली. नाक्यावर थांबविलेल्या कोणत्याही चालकाने, मग तो कितीही प्रतिष्ठित असो, नळीत फुंकर घालावयाची. त्या राज्यात १९८२ साली रस्त्यांवर १,२५३ माणसे दगावली होती. १९८३ साली ९६६. ही सारी घट एकाच उपायाच्या पदरी टाकणे धाडसाचे होईल. तथापि रॉस होमेल यांच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली: मित्रांच्या आग्रहास नकार देण्यास चालकांना या तपासणीमुळे एक सबब मिळाली. शुद्धीत असलेल्यांचीही तपासणी व्यर्थ जात नाही, ती यामुळेच.

भारतीय मोटार वाहन अधिनियमाच्या १८५ व्या कलमातील मर्यादा ३० मिलिग्रॅम, म्हणजे १९६७ च्या ब्रिटिश मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा कमाल दंड २,००० रुपयांवरून १०,००० रुपयांवर नेला. २०३ व्या कलमातील 'संशयास वाजवी कारण' ही अट मात्र राहिलीच. येथेच विसंगती आहे. या अल्प मर्यादेपलीकडे जरासाच गेलेला चालक बाहेरून पुष्कळदा शुद्धीतच दिसतो. कायदा ज्याला गुन्हेगार ठरवितो, त्याचा संशय यावा असे नाक्यावरील हवालदारास काही दिसतच नाही.