फुरसुंगीचा पोरगा आणि त्याचे भा. रा.

जीभ टाळूला घट्ट चिकटवून झटक्यात सोडा. 'टॉक्!' या एका आवाजावर मराठी पोरांच्या दोन-तीन पिढ्या बनेश फेणेला, म्हणजेच फास्टर फेणेला, ओळखतात. फुरसुंगीचा हा काटकुळा, सायकलवेडा मुलगा पुण्यात शिकायला येतो आणि जिथे जातो तिथे भानगड त्याच्या आधीच पोचलेली असते.

त्याचे जनक भास्कर रामचंद्र भागवत. जन्म 31 मे 1910, इंदूरचा. तरुणपणी पत्रकारिता आणि रेडिओची नोकरी केली. 1942 च्या चळवळीची हाक आली तेव्हा दिल्लीतली आकाशवाणीची ती नोकरी सोडून दिली. पुढे त्यांनी मुलांसाठी 'बालमित्र' हे मासिक काढलं. बायको लीलावतीबाई स्वतः लेखिका, आकाशवाणीच्या 'वनिता मंडळ'मुळे घरोघरी माहीत असलेल्या. घरात शब्दांचा राबता असा दुहेरी होता.

बालमासिक चालवणं हा धंदा म्हणून आतबट्ट्याचाच. पण मला वाटतं, कादंबरीकार भागवत घडले ते संपादकाच्या खुर्चीत. उपदेशाचा परिच्छेद आला की पोरं पान उलटतात, हे संपादकाला लवकर कळतं. भागवतांच्या गोष्टीत म्हणूनच मोठी माणसं फारशी आड येत नाहीत. 'फास्टर फेणे टोला हाणतो' हे पुस्तकाचं नावच बघा. नाव कसलं, अख्खं वाक्य आहे ते, क्रियापदासकट! मुखपृष्ठावरच गोष्ट पळायला लागते.

दुसरी तालीम अनुवादाची. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स त्यांनी मराठीत आणले, लुईस कॅरोलची 'ॲलिस' सुद्धा. पण त्यांच्या पुस्तकात ॲलिस नाही, जाई आहे. पुस्तकाचं नाव 'जाईची नवलकहाणी'. परकं पोर घरात घ्यायचं तर त्याला आधी घरचं नाव द्यावं, इतका साधा हिशेब. शाळेत ज्याला आपण 'भाषांतर' म्हणतो, त्याच्या हे फार पुढचं काम आहे.

फेणेच्या गोष्टींना खरा नकाशा असतो. प्रतापगड, काश्मीर, आणि चीनच्या युद्धाच्या वेळी तर थेट नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश. पुण्याच्या शनिवार पेठेतल्या पोराला भूगोलाच्या पुस्तकाबाहेरचा देश असा दिसला. चोर पकडण्याचे योगायोग मात्र कधीकधी अतीच सोयीचे होतात, हे आज वाचताना जाणवतं. दहाव्या वर्षी जाणवलं नव्हतं.

भागवत 27 ऑक्टोबर 2001 रोजी गेले. 2017 साली आलेल्या 'फास्टर फेणे' चित्रपटात फेणे झाला अमेय वाघ आणि खुद्द भा. रा. भागवतांच्या भूमिकेत होते दिलीप प्रभावळकर. लेखकाला त्याच्याच नायकाच्या गोष्टीत जागा मिळाली.

घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल, तर फेणेचं कुठलंही पुस्तक आणा आणि पहिलं प्रकरण मोठ्याने वाचा. 'टॉक्'चा सराव मात्र आदल्या रात्री करून ठेवा. पोरं चूक काढतात.