रक्तपिपासूंचे द्वंद्व

'व्हॅम्पायर : द मास्करेड' हा अमेरिकी भूमिका-खेळ 1991 साली व्हाइट वुल्फ या प्रकाशनाने बाजारात आणला. त्याच्या काल्पनिक जगात रक्तपिपासूंचे पंथ माणसांपासून लपून राहतात. त्यांपैकी 'सॅबॅट' हा सर्वांत हिंस्र. छोट्या टोळ्या हा त्याचा पाया असतो. टोळीचे नेतृत्व डक्टस करतो, तर विधी पुरोहित पार पाडतो.

पंथाचे विधी दोन प्रकारचे आहेत : सर्वांना बंधनकारक असलेले आणि त्या त्या टोळीपुरते. 'व्हॉल्डरी' या मुख्य विधीत टोळीतील सर्वांचे रक्त एकाच पात्रात मिसळून सगळे ते पितात आणि त्यातून परस्परनिष्ठा निर्माण होते. तरीही वैर उरतेच. त्याचा निकाल 'मोनोमसी' या द्वंद्वाने लागतो. एक जण उघड आव्हान देतो, पुरोहिताच्या देखरेखीखाली दोघे लढतात आणि जिंकणाऱ्याची बाजू खरी ठरते. पराभूताचा बहुधा अंतच होतो. मोकाट रक्तपाताने टोळी फुटू नये, म्हणून भांडणाला असे नियमांचे कुंपण घातलेले असते.

अशा न्यायाला युरोपच्या इतिहासात आधार सापडतो. मध्ययुगात साक्षीपुरावा अपुरा पडला, की न्यायालये वादी-प्रतिवादींना लढायला लावत; देव सत्याच्या बाजूने उभा राहतो, अशी श्रद्धा त्यामागे होती. पॅरिसच्या पार्लमाँ या न्यायालयाच्या परवानगीने 1386 मध्ये झालेले कारूज आणि ल ग्री यांचे द्वंद्व प्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये ही तरतूद वापरातून गेली, तरी कायद्यातून 1819 मध्येच रद्द झाली.