गिऱ्हाईक मोठे की पेढीची अब्रू?

पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी दुकानातील नोकरवर्ग बहुधा दहाच्या आतच असतो. हिशेब लिहिणारी मुलगी शेजारच्या खेड्यातून येते. मोठे गिऱ्हाईक वर्षानुवर्षांच्या ओळखीचे असते. अशा गिऱ्हाइकाने अश्लील बोलणे केले, रात्री-अपरात्री संदेश पाठविले, तर उधारी बुडेल या भीतीने मालक ‘दुर्लक्ष कर’ म्हणतो. संकट तेथेच वाढते.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ मध्ये झालेल्या कायद्याने ही पळवाट बंद केली. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही कर्मचारी स्त्रीला सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. कामानिमित्त ती जेथे जाईल, तेही कामाचे ठिकाणच. दहापेक्षा कमी माणसांच्या पेढीतील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार लेखी व घटनेपासून तीन महिन्यांच्या आत हवी.

मालकाने प्रथम तिचे ऐकावे. संदेश पुसू देऊ नयेत. दिवस, वेळ लिहून ठेवावी. त्या गिऱ्हाइकाशी पुढील व्यवहार स्वतः करावा, मात्र तिचे काम काढून घेऊन शिक्षा तिलाच देऊ नये. गिऱ्हाइकाला शांत व स्पष्ट शब्दांत समज द्यावी. तरीही न सुधारल्यास खाते चुकते करून बंद करावे. तिला पोलिसांकडे जायचे असल्यास सोबत जावे.

क्षमा हे आपल्या धर्माचे भूषण खरे. परंतु क्षमेचा अधिकार जिचे मन दुखावले तिचा. मालकाने तिच्या वतीने परस्पर केलेल्या क्षमेला व्यवहारात सौदा म्हणतात.