परळची वाडी : प्रार्थनागृह, राजनिवास आणि प्रयोगशाळा

माटुंग्याहून दक्षिणेकडे निघाले की थोड्याच अंतरावर परळ लागते. आजाऱ्यांना भेटण्यासाठी केईएम वा टाटा रुग्णालयात जाणाऱ्या आपल्या भाविकांनी आचार्य दोंदे मार्गावरील हाफकिन संस्थेची वास्तू बाहेरून पाहिली असेल. तिच्या भिंतींच्या आत एकेकाळी पवित्र मिस्सा अर्पण होत असे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

पोर्तुगीज अमदानीत माटुंगा, शीव, परळ या भागांतील बऱ्याच जमिनी येशूसंघीय धर्मगुरूंकडे होत्या. माडांच्या बागा हे मुंबई बेटाचे मोठे उत्पन्न होते. अशा बागेला आपण वाडी म्हणतो, पोर्तुगीज 'ओर्ता' म्हणत. परळचे चर्च आणि भोवतालची येशूसंघीयांची जमीन यांचा उल्लेख इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यांच्या प्रवासवर्णनात आढळतो. ते १६७३ साली मुंबईस आले होते. या वैभवामागे माडांवर चढणाऱ्या भंडाऱ्यांचे व शेत कसणाऱ्या कुळांचे कष्ट होते, हे आपण विसरू नये.

इंग्रजांनी १६६५ साली मुंबईचा ताबा घेतला. जंजिऱ्याच्या सिद्दीने १६८९-९० मध्ये बेटावर स्वारी केली, तेव्हा धर्मगुरूंनी त्याला साहाय्य केल्याचा ठपका ठेवून त्यांच्या जमिनी जप्त करण्यात आल्या. १७२० साली पोर्तुगीज धर्मगुरूंना बेटाबाहेर घालवून श्रद्धावंतांची धुरा कार्मेलाइट धर्मगुरूंकडे सोपविण्यात आली. परळची वास्तूही त्याच सुमारास सरकारजमा झाली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे गव्हर्नर राहू लागले. जुन्या चर्चच्या जागेत खाली मेजवानीचे व वर नृत्याचे दालन झाले. १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्स येथेच उतरले होते. परंतु १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा येथे पटकीने मृत्यू झाला. पुढे राजनिवास मलबार पॉइंटला हलला.

१८९६ साली मुंबईत प्लेग उसळला. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी प्रतिबंधक लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा या वास्तूत आली. १९२५ पासून संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

गमावलेल्या मालमत्तेची खंत आपण किती काळ बाळगावी? जेथे आपल्या पूर्वजांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली असेल, तेथेच पुढे असंख्यांचे प्राण वाचविणारी लस तयार झाली. पुढच्या वेळी परळला जाल, तेव्हा या वास्तूसमोर क्षणभर थांबा. तिच्या सर्व रहिवाशांचे, आणि त्या माडांवर चढणाऱ्यांचेही, कृतज्ञतेने स्मरण करा.